आठवी पायरी

शेवडे मॅडमकडे माफी चालत नसे. कोणी वर्गात उशिरा येऊन दारातून "सॉरी मॅडम" म्हटलं, की त्या खडू खाली ठेवून विचारायच्या, "हे ऐकून मी काय करू?" त्यात टोमणा नसायचा, खरंच विचारायच्या. उत्तर आलं नाही की म्हणायच्या, "ज्या वाक्यानं वाचणाऱ्याला काही करता येत नाही ते वाक्य मला नको. काय ते पायऱ्यांत लिहून आणा. उद्या."

मला माणसांबद्दल लिहायची सवय नाही. मी पंपांबद्दल लिहिते. पीथमपूरच्या एका कारखान्यात पंप बनतात आणि ते कसे बसवायचे, कसे उघडायचे, आवाज आला तर आधी काय बघायचं, याच्या पुस्तिका लिहिणं ही माझी नोकरी आहे. त्यामुळे हे लिहिताना सारखं वाटतं आहे, की कुठेतरी क्रम चुकेल. पण मॅडमबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्याबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती फक्त मीच सांगू शकते, कारण त्यात चूक माझी आहे.

आमचं कॉलेज राऊच्या पुढे, इंजिनिअरिंगचं. तिथे इंग्रजी शिकवायला शेवडे मॅडम एकट्याच होत्या. सुती साडी, खाली पांढरे कापडी बूट, खांद्याला झोळी. झोळीत एक टेप असायची, मोजायची. एक पुस्तक असायचं, कवितेचं. त्यांची पीएच.डी. अमेरिकन कवितेवर होती आणि त्यांना घेतलं होतं तेही कवितेसाठीच. कॉलेज सुरू झालं तेव्हाच्या कोणा संचालकांना वाटलं होतं, की इंजिनिअरनं थोडं साहित्य वाचावं. ते संचालक गेले, पेपर मात्र अभ्यासक्रमात राहिला. 'अमेरिकन कविता', तिसरं वर्ष, ऐच्छिक. नियम एकच, पंधरा मुलं हवीत. चौदा झाली तर पेपर त्या वर्षी बंद. आणि एकदा बंद झालेला पेपर पुन्हा सुरू होत नाही, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

पंधरा मुलांच्या कवितेवर पूर्ण पगार कोण देणार? म्हणून मॅडमना दुसऱ्या वर्षाचं टेक्निकल रायटिंग दिलं होतं. ते सक्तीचं. दुसरं कोणी असतं तर गाइडमधून उरकलं असतं. मॅडमनी सुट्ट्यांमध्ये कारखान्यांत जाऊन बॉयलरच्या पुस्तिका वाचल्या, फिटरच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि तो विषय कवितेइतकाच मनावर घेतला. स्टाफरूममधले एक सर त्यांना चिडवायचे, "मैडमजी, सुबह पंप, शाम को कविता. थकान नहीं होती?" मॅडम म्हणायच्या, "आप सुबह भी चाय पीते हैं, शाम को भी. आपको होती है क्या?"

त्यांचं शिकवणं म्हणजे मांगीलालजी. मांगीलालजी वर्कशॉपचे अटेंडंट, माळव्याच्या एका खेड्यातले, इंग्रजी अजिबात न येणारे. आम्ही सूचना लिहायच्या. मॅडम त्या एकेक वाक्य हिंदीत वाचून दाखवणार आणि मांगीलालजी तेवढंच करणार. हॅकसॉमध्ये पातं कसं बसवायचं, ही आमची पहिली सूचना होती. सतीश नावाच्या मुलानं सहा पायऱ्या झकास लिहिल्या होत्या. मांगीलालजींनी पातं बसवलं, नट आवळला, लोखंडी पट्टी धरली आणि करवत चालवायला लागले. पट्टीवर ओरखडासुद्धा येईना. पात्याचे दात उलटे होते.

"अरे भिया, दाँत आगे की तरफ," सतीश बाकावरून ओरडला.

"लिख्यो नी है," मांगीलालजी म्हणाले आणि उलट्या दातांनी शांतपणे घासत राहिले. तीस वर्षं त्या वर्कशॉपमध्ये असलेला माणूस. वर्ग हसून हसून लोळला.

मॅडम हसल्या नाहीत. सतीशला म्हणाल्या, "आज तू इथे होतास म्हणून ओरडलास. वाचणाऱ्याजवळ आपण उभे नसतो." हे वाक्य त्या वर्षभर म्हणत. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, कारण मला तेव्हा त्यांचं सगळंच लिहून ठेवावंसं वाटायचं. मी हिंदी मीडियमची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली नाही हे मला विचारायला कोणी नव्हतं.

मी उशिरा येणाऱ्यांपैकीच. माझं घर मल्हारगंजात, एका अरुंद गल्लीत. खाली पप्पांचं दुकान, मिक्सर, कुकर आणि इस्त्रीच्या दुरुस्तीचं. वर आम्ही, आणि बाजूला जुन्या सामानाचा माळा. सकाळी पप्पा पार्ट आणायला जात, तोवर मी दुकानात बसे. ते आले की पळत सुटायचं, दोन मॅजिक, म्हणजे सीटवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, बदलून कॉलेज. हे मी वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं. पप्पा बिझनेस करतात, एवढंच सांगितलं होतं.

तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अश्विनी, घरून इथे कशी येतेस ते लिही." मग थांबल्या. "नको. ते मला तपासता येणार नाही, मी तिथे नाहीये. असं कर, इथून तुझ्या घरी कसं जायचं ते लिही. कॉलेजच्या गेटपासून."

मी आठ पायऱ्या लिहिल्या. गेटवरून कुठली मॅजिक, कुठे उतरायचं, दुसरी कुठे मिळते, बडा गणपतीला उतरून कुठल्या बाजूला चालायचं, मिठाईच्या कोणत्या दुकानापाशी वळायचं. मॅडमनी कागद घडी करून झोळीत टाकला. विषय संपला असं मला वाटलं.

रविवारी अकराच्या सुमाराला मी वर केस वाळवत बसले होते. खालून पप्पांचा आवाज आला, "मिक्सर लाई हैं क्या?"

"नाही. अश्विनी कदम इथे राहते का? मी तिच्या कॉलेजातून आले."

पप्पा घाबरले असावेत. "काय केलं तिनं?"

"सात पायऱ्या बरोबर लिहिल्या."

मी जिन्यावरून धावत उतरले. मॅडम दुकानाच्या फळीपाशी उभ्या होत्या, कपाळावर घाम, हातात माझा कागद. त्या सकाळी साडेआठला राजेंद्र नगरच्या आपल्या घरातून निघून आधी उलट्या दिशेनं कॉलेजच्या गेटवर गेल्या होत्या, कारण पहिली पायरी तिथे सुरू होत होती.

"मिठाईच्या दुकानापर्यंत चोख आहे," त्या मला म्हणाल्या. "आठवीत तू लिहिलंयस, 'गल्लीत थोडं पुढे गेल्यावर डाव्या हाताला घर आहे.' डाव्या हाताला अकरा दारं आहेत. मी चार वाजवली. तिसऱ्या दारातल्या बाईंनी पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही." मग त्यांनी मान वर केली. दुकानावर लाल बोर्ड होता, सहा फूट लांब, पांढऱ्या अक्षरांत: कदम रिपेअरिंग. "हा बोर्ड मिठाईच्या दुकानापासून दिसतो. कागदात नव्हता, म्हणून मी दारं वाजवत आले. लिहिताना आठवला नाही?"

पप्पांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, त्याचं टोक ते अंगठ्यानं पुसत राहिले. बोर्ड त्यांनी स्वतः रंगवला होता.

"रोज बघतो ते दिसत नाही ना मॅडमजी माणसाला," पप्पा म्हणाले. "राहून गेलं असेल पोरीचं. बसा, चहा सांगतो."

"असेल," मॅडम म्हणाल्या आणि फळीवर बसल्या. चहा प्याल्या. जाताना मला म्हणाल्या, "आठवी पायरी पुन्हा लिहून आण."

मी आणली नाही. त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, की मॅडम चांगल्या आहेत, चहात साखर घेत नाहीत.

पण मॅडम दुकानात एक गोष्ट बघून गेल्या होत्या. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला पप्पा दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधतात. दोन आठवड्यांनी मॅडमनी आपला मिक्सर दुरुस्तीला टाकला, परत नेताना पप्पांना विचारून तीन जुन्या चिठ्ठ्या मागून घेतल्या, आणि एका सकाळी त्यांतली एक फळ्यावर लिहिली.

'चालतो. गरम होतो. वास येतो. झाकण बाईंकडे.'

"ह्यावरून काय काय कळतं, सांगा," मॅडम म्हणाल्या. मुलं सांगायला लागली. मोटर जळायला आली आहे. मिक्सर जुना आहे. बाई झाकण द्यायला तयार नव्हत्या, म्हणजे त्यांना आधीच्या ठिकाणी अनुभव आला असणार. एक मुलगी म्हणाली, लिहिणारा माणूस भांडणाला घाबरतो, म्हणून झाकणाचं आधीच लिहून ठेवतो. हे अगदी खरं होतं. मी मान खाली घालून बसले होते आणि कान गरम झाले होते. मॅडमनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हे ज्यानं लिहिलं त्याला मी पूर्ण मार्क दिले असते. तो आमच्याकडे शिकायला येत नाही, आमचं नुकसान."

त्या क्षणी मी हात वर करून सांगू शकले असते. नाही सांगितलं.

वर्षाच्या शेवटच्या तासाला मॅडम दर वर्षी टेक्निकल रायटिंग बाजूला ठेवून एक अमेरिकन कविता वाचायच्या. पंधरा नावं गोळा करायचा त्यांचा तेवढा एकच मार्ग होता. कवीचं नाव आधी सांगत नसत. "नाव सांगितलं की तुम्ही गाइड शोधता. आधी कविता." आम्हाला वाचून दाखवलेली कविता बारा ओळींची होती. एक बाई मोकळ्या मैदानात दोरीवर कपडे वाळत घालते आहे, लांबून एक मालगाडी जाते आहे. बस. मॅडमनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "डबे किती होते?"

"दिया नहीं है, मॅडम," सतीश म्हणाला.

"का नसेल दिलं?"

तास संपला. दारातून बाहेर पडताना मला वाटलं, की बाईनं गाडीकडे बघितलंच नसेल. तिला कपडे वाळत घालायचे होते. माझी आई गच्चीवर असते तेव्हा खाली मिरवणूक गेली तरी ती बघत नाही. हे उत्तर बरोबर होतं की नाही ते माहीत नाही, पण मी परत फिरले आणि मॅडमच्या यादीत नाव लिहिलं. सातवं.

जुलैत कॉलेज उघडलं तेव्हा यादी नोटीस बोर्डावर लागली. बरोबर पंधरा. त्याच बोर्डावर दुसरी नोटीस होती. तिसऱ्या वर्षासाठी प्लेसमेंटचं कोचिंग, बाहेरची संस्था, फी कॉलेज भरणार, मंगळवार आणि गुरुवार चार वाजता. कवितेचा तास मंगळवार आणि गुरुवार चार वाजता होता.

घरी विचारलं. आई म्हणाली, "कवितेनं नोकरी लागते का?" मी म्हटलं, नाही. "मग विचारतेस काय?" पप्पा म्हणाले, "मॅडमला विचार." मी मॅडमना विचारलं नाही. बोर्डापुढे उभी राहून मी ती पंधरा नावं दोनदा मोजली. मला माहीत होतं. यादी पक्की व्हायला अजून चार दिवस आहेत, कोणीतरी नवीन येईल, असं मी मनाशी म्हटलं आणि अर्ज लिहिला.

मॅडमनी अर्ज उभ्यानं वाचला. मी मनात बरीच कारणं तयार ठेवली होती. त्यांनी एकही विचारलं नाही.

"स्पष्ट लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं." मग पट्टी घेतली आणि माझ्या नावावर सरळ रेघ मारली.

ते चार दिवस मॅडम यादी घेऊन फिरल्या. कँटीनमध्ये, बसच्या रांगेत, मुलांच्या हॉस्टेलच्या दारात. प्रत्येकाला एकच वाक्य: "एक जागा आहे, वाचून बघ, नाही आवडलं तर नको." लोक हसायचे. मी एकदा कँटीनमध्ये त्यांना माझ्या टेबलाच्या दिशेनं येताना बघितलं आणि ताट तसंच ठेवून उठले. मांगीलालजी त्यांना म्हणाले होते, "मेरा नाम लिख दो, मैडमजी." मॅडम म्हणाल्या, "लिखूँगी. पर इनकी लिस्ट में नहीं." मांगीलालजींनीच हे नंतर सांगितलं. प्राचार्यांच्या खोलीत काय झालं तेही त्यांनीच, कारण ते तेव्हा तिथला पंखा बघायला स्टुलावर चढले होते. प्राचार्य म्हणाले होते, "मैडम, दो साल बचे हैं, आराम से निकालिए. लोड भी कम हो जाएगा." आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "लोड कम करने की अर्ज़ी मैंने दी नहीं है, सर."

चौदा नावं राहिली. पेपर बंद झाला.

पुढच्या सोमवारी नोटीस बोर्डावर मॅडमच्या अक्षरात एक कागद होता. 'अमेरिकन कविता. रविवार, सकाळी सात. लालबाग. मार्क मिळणार नाहीत. चटई मिळेल.' खाली लालबाग राजवाड्याच्या बागेच्या गेटपासून कोणत्या झाडापर्यंत कसं यायचं त्याच्या पाच पायऱ्या. कागद दोनदा कोणीतरी काढला. तिसऱ्यांदा तो चारही बाजूंनी डिंकानं चिकटवलेला दिसला.

चौदांपैकी किती गेले असतील? पहिल्या रविवारी नऊ, मग पाच, मग तीन. मांगीलालजी मात्र दर रविवारी. मॅडम ओळ इंग्रजीत वाचायच्या, हिंदीत सांगायच्या, आणि मांगीलालजी विचारायचे ते प्रश्न बाकीच्यांना सुचायचे नाहीत म्हणे. एका रविवारी मी मावशीकडे जात होते. माझी मॅजिक लालबागवरून गेली. लांबून चटई दिसली, तिच्यावर चार माणसं आणि मधे उघडी छत्री धरून मॅडम, कारण भुरभुर सुरू होती. त्या एका हातानं छत्री मुलांवर धरत होत्या आणि दुसऱ्या हातानं पुस्तक. मी दुसरीकडे बघितलं.

कोचिंग मी पूर्ण केलं. एकही दिवस चुकवला नाही. चौथ्या वर्षी दोन कंपन्यांनी मला पहिल्याच फेरीत काढलं. तिसरी पंपवाली होती. त्यांनी एक पंप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ह्याचं सील कसं बदलायचं ते लिहा, अर्धा तास. सगळे लिहायला लागले. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. विचारलं, "सर, हे वाचणार कोण आहे?"

टेबलामागचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग एक म्हणाले, "खेत पर जो लगाएगा, वो."

"मग त्याच्याजवळ कुठले पाने, स्क्रू ड्रायव्हर असतील?"

तिथेच काम झालं, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. कोचिंगमध्ये हा प्रश्न कोणी शिकवला नव्हता.

त्या रविवारी मी पेढे घेऊन लालबागला गेले. चटईवर सहा जण होते. मॅडम वाचत होत्या. मला बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "ती बाजू ओली आहे, इकडे बस." आणि पुढे वाचायला लागल्या, जणू मी गेल्या रविवारीही आले होते. शेवटी मी पुढे होऊन नोकरीचं सांगितलं. कसं बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, तरी मध्येच अडखळले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्यामुळे पेपर..."

"हे ऐकून मी काय करू?" त्यांनी विचारलं. अगदी पूर्वी वर्गात विचारायच्या तसं, सरळ. मग म्हणाल्या, "आठवी पायरी झाली?"

"नाही."

"मग पेढे ठेव. ती आण."

मी दर रविवारी जायला लागले. पायरी नेली नाही. का ते मला नीट सांगता येत नाही. एका ओळीचं काम होतं. लिहायला बसले की वाटायचं, आता लिहिलं तर तेव्हा का नाही लिहिलं ते उघडं पडेल. जणू ते पडायचं राहिलंच होतं.

दरम्यान मॅडम निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ झालं, स्टाफरूममधल्या त्या चिडवणाऱ्या सरांनी हिंदीत शेर म्हटले. मॅडमना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, की इंग्रजीच्या कपाटाची किल्ली ऑफिसात दिलेली आहे, कुलूप फिरवताना दार किंचित उचलावं लागतं, वरच्या कप्प्यातली पुस्तकं कवितेची आहेत आणि ती कोणी मागितली तर द्यावीत. बसल्या. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. मांगीलालजींनी वाजवल्या.

निवृत्तीनंतर रविवार वाढला. कॉलेजातली नवी मुलं, एका मुलीची आई, सकाळी फिरायला येणारे एक काका. आम्ही अकरा झालो. आणि मग लालबागच्या मैदानात मेळा लागला. एका रविवारी आमच्या झाडाखाली पाळण्याचे लोखंडी खांब पडले होते, आणि चौकीदार म्हणाला, की आता महिनाभर तरी इथे बसता येणार नाही.

"चला, महिनाभर सुट्टी," काका म्हणाले.

"सुट्टीचा अर्ज कोणी दिला?" मॅडम म्हणाल्या. पण त्यांनाही जागा सुचत नव्हती, हे दिसत होतं. राजेंद्र नगरचं त्यांचं घर दोन खोल्यांचं, त्यांतल्या एकीत मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली. कॉलेजची दारं बंद. कोणी म्हणालं, आता फोनवरच करू. मॅडम चटईची सुरळी हातात धरून उभ्या होत्या, झोळी खांद्यावरून घसरली होती, आणि मला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या. एक महिना थांबलं की अकराचे चार होतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"आमच्या दुकानावर माळा आहे," मी म्हटलं. "पप्पांच्या. मिक्सर रिपेअरिंगचं दुकान आहे माझ्या पप्पांचं, मल्हारगंजात. माळ्यावर जुने मिक्सर आहेत, ते हलवता येतील."

कोणी काही विशेष ऐकल्यासारखं केलं नाही. काका म्हणाले, "अरे वा, मग माझा मिक्सर घेऊनच येतो." मॅडमनी घसरलेली झोळी पुन्हा खांद्यावर चढवली.

"पत्ता लिहून दे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना झेरॉक्स. कॉलेजच्या गेटपासून. आणि त्या दिवशी कोणाला घ्यायला खाली उतरायचं नाही, फोन उचलायचा नाही. तुझ्या वडिलांनाही सांग."

पप्पांनी दोन दिवस दुकान बंद ठेवून माळा रिकामा केला. मेलेले तीस-पस्तीस मिक्सर निघाले. "ह्यांच्यावर पण कविता होतील," ते म्हणाले, आणि मग जरा लाजले. मी रात्री कागद लिहिला. सात पायऱ्यांना हात लावायची गरज पडली नाही. आठवी अशी लिहिली:

'गल्लीत डाव्या हाताला लाल बोर्ड दिसेल: कदम रिपेअरिंग. हे माझ्या वडिलांचं दुकान आहे. दुकानातून आत या. जिना उजवीकडे, लाकडी. खालून चौथी पायरी सैल आहे, तिच्यावर पाय देऊ नका.'

पप्पांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "चौथीला मी खिळा मारून देतो ना."

"नको. आता लिहिलंय," मी म्हटलं. ते हसले. झेरॉक्स पंधरा काढल्या, तो आकडा डोक्यात बसला होता. अकरा लोकांत त्या जास्तच होत्या. उरलेल्यांतली एक पप्पांनी दुकानात चिठ्ठ्यांच्या दोऱ्याला अडकवून ठेवली.

रविवारी सातच्या आधीपासून एकेक जण वर यायला लागला. काका खरंच मिक्सर घेऊन आले. मांगीलालजी चौथी पायरी ओलांडून आले आणि म्हणाले, "लिख्यो है तो मान्यो." चटई अंथरली. मॅडमचा पत्ता नव्हता. सव्वासात झाले. त्या कॉलेजच्या गेटवरून निघाल्या असणार हे मला माहीत होतं. मी माळ्याच्या खिडकीत उभी राहिले.

साडेसातच्या सुमाराला त्या मिठाईच्या दुकानापाशी वळताना दिसल्या. पांढरे बूट, झोळी, हातात कागद. चाल पूर्वीपेक्षा हळू झाली होती. गल्लीत शिरल्यावर त्या थांबल्या, चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ धरला. तिसऱ्या दारातल्या पोहेवाल्या बाई झाडून घेत होत्या, त्यांनी काहीतरी विचारलं. मॅडमनी नुसता हात हलवला. मला हाक मारावीशी वाटली. खिडकीचा गज मी घट्ट धरला.

त्या पुढे आल्या. पुन्हा थांबल्या. कागद वाचला, मान वर करून बोर्ड वाचला, मग पुन्हा कागद, आणि ह्या वेळी बराच वेळ. फळीमागे पप्पा हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे होते. सांगितल्याप्रमाणे एक शब्द बोलले नाहीत. मॅडमनी झोळीतून पेन्सिल काढली, दुकानाच्या फळीवर कागद ठेवून त्यावर एक छोटीशी खूण केली, घडी घातली आणि खाली वाकून आत शिरल्या. मग त्या दिसेनाशा झाल्या.

जिन्यावर पाऊल वाजलं. एक. दोन. तीन. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पाचवं.